आपली पट्टी आपण मागून घ्यावी

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



नारळी पौर्णिमा झाली. होड्या पाण्यात गेल्या आणि आता गणपती जेमतेम तीन आठवड्यांवर आलेत. मखराचं, रंगाचं, उकडीच्या पिठाचं सगळं आपण आधीपासून बघून ठेवतो. एका गोष्टीची तयारी मात्र आपण कधीच करत नाही, ती म्हणजे गळ्याची. पहिल्या दिवशी आरत्या, दुसऱ्या दिवशी भजन, गौरी आल्या की रात्रभर फेर आणि फुगड्या. विसर्जनाच्या दिवशी घरोघरी निम्म्या बायकांचा आवाज बसलेला असतो. मग आपण हसून म्हणतो, "गौरींबरोबर आवाज पण गेला बघ."

मीही बरीच वर्षं असंच हसत होते. मी गाण्याची कोणी मोठी पंडित नाही. आमच्या गावातल्या महिला भजनी मंडळात गाते आणि नव्या मुलींना चार भजनं शिकवते. पण एका गौरीला माझा आवाज बसला, तो दिवाळीपर्यंत उठलाच नाही. तेव्हा घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासलं आणि विचारलं, "तुम्ही गाता की ओरडता?" तेव्हा राग आला, पण घरी आल्यावर वाटलं, की खरंच आपण काय करतो? त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे शिकले, ते आज तुम्हाला सांगते.

आवाज कुठून येतो?

आपल्या गळ्यात स्वरयंत्र असतं. त्यात दोन नाजूक घड्या असतात, त्यांना स्वरतंतू म्हणतात. बायकांचे स्वरतंतू साधारण सव्वा ते पावणेदोन सेंटिमीटर लांब असतात, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखापेक्षा थोडेसेच मोठे. खालून फुप्फुसातली हवा येते, हे तंतू एकमेकांवर आपटून थरथरतात आणि आवाज तयार होतो. आपण साधं बोलतो तेव्हासुद्धा ते सेकंदाला सुमारे 200 वेळा एकमेकांना लागतात. स्वर जितका उंच, तितकी ही संख्या जास्त. आता तीन तास टिपेला भजन म्हटलं तर त्या इवल्याशा तंतूंवर किती फटके बसले असतील, याचा विचार करा.

दुसरी गोष्ट तंबोऱ्याची. तंबोऱ्याची नुसती तार हवेत ताणून छेडली तर तिचा आवाज किती येईल? कानाजवळ धरावी लागेल. ती घुमते खालच्या भोपळ्यामुळे. आपला भोपळा म्हणजे घसा, तोंड आणि नाकामागची पोकळी. आवाज मोठा हवा असेल तर भोपळा मोकळा ठेवायचा. आपण नेमकं उलट करतो. भोपळा आवळून धरतो आणि तार ताणत बसतो. तार तुटली की म्हणतो, आवाज गेला.

काळी एक की काळी चार?

आता मुख्य मुद्दा. गळ्यावर ताण येण्याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं कारण थंड पाणी नाही, ताकही नाही. ते कारण आहे पेटीची पट्टी.

बहुतेक पुरुष पेटीच्या काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातात. बायकांच्या गळ्याला साधारण काळी चार, काळी पाच सोयीची पडते. कोणाचा आवाज जाड असला तर काळी तीन किंवा पांढरी चार. पण गावात पेटी वाजवणारे बहुधा पुरुष. त्यांचा हात काळी एकवर बसलेला. मंडळ बायकांचं असलं तरी सूर भाऊंच्या सोयीचा लागतो आणि आपण निमूट त्यात गातो.

त्यात काय होतं, ते आकड्यांत बघा. काळी एकचा पुरुषांचा सा सेकंदाला सुमारे 139 कंपनांचा असतो. तो आपल्याला फार खाली जातो, आवाजच उमटत नाही. म्हणून आपण एक सप्तक वर, 277 चा सा धरतो. सुरुवातीला बरं वाटतं. पण भजनाचा अंतरा तार सप्तकात चढला आणि वरच्या मध्यमाला गेला की स्वरतंतूंना सेकंदाला 740 वेळा थरथरावं लागतं. तेच भजन काळी चारमध्ये धरलं तर आपला सा 208 च्या आसपास येतो आणि वरचा मध्यम 554 वर. भजन तेच, चाल तीच. पण एकीकडे किंचाळावं लागतं आणि दुसरीकडे गाता येतं.

मग आपली पट्टी कशी ओळखायची? आजी गोष्ट सांगत असताना आपण "हंऽ" म्हणून हुंकारा द्यायचो, तसा हुंकारा द्या. मुद्दाम नाही, सहज. तो तुमच्या गळ्याचा स्वाभाविक स्वर. त्याच्या जवळपासचा एखादा स्वर सा मानून दोन गोष्टी तपासा. सा, नी, ध, प असं खाली उतरल्यावर मंद्र पंचम हलका का होईना, पण स्पष्ट लागला पाहिजे. आणि वर तार सप्तकातल्या गंधारापर्यंत जाताना हनुवटी वर जाता कामा नये, मानेच्या शिरा फुगता कामा नयेत. दोन्ही जमलं तर ती तुमची पट्टी. नाही जमलं तर एक पट्टी खालीवर करून बघा. सापडली की भजनाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

हाच नियम रेडिओवरच्या गाण्यांनाही लागू. लताबाईंनी गायिलेली कोळीगीतं आपण त्यांच्याच पट्टीत म्हणायला जातो. ती त्यांच्या गळ्याची पट्टी होती. आपण खाली धरली तर गाणं काही छोटं होत नाही.

आपल्याच बायका कशा गायच्या?

आपल्या भागातल्या आगरी लग्नात धवलारीण तुम्ही ऐकली असेल. हळदीपासून लग्न लागेपर्यंत एकेक विधी ती धवल्यांतून सांगते. धवळे ही परंपरा फार जुनी. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने रचलेले धवळे प्रसिद्ध आहेत आणि तिला मराठीतली आद्य कवयित्री मानतात. माझ्या लहानपणी मी ज्या धवलारणी ऐकल्या, त्या तासन्‌तास गायच्या आणि दुसऱ्या दिवशी बाजारात मासळी विकायला बसायच्या, आवाज ठणठणीत. मला तेव्हा वाटायचं, देवाने यांना वेगळा गळा दिलाय.

आता कळतं की गळा वेगळा नव्हता, रीत वेगळी होती. त्या बोलण्याच्या आवाजाच्या जवळच गायच्या. शब्द स्वच्छ म्हणायच्या. एकीने ओळ टाकली की दुसरी ती उचलायची, तेवढ्यात पहिलीचा श्वास भरून व्हायचा. पेटीचा सूर गाठायची धडपड नव्हती. त्यांचा सूर त्याच ठरवायच्या.

जात्यावरच्या ओव्याही अशाच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढं गाणाऱ्या त्या बायकांनी कधी कोणाला विचारलं नसेल, की मला आवाज आहे का हो? जातं फिरत होतं, हाताला लय होती, लयीबरोबर श्वास चालत होता, आणि गाणं येत होतं. आपल्याला मात्र पेटी आणि माईक समोर आला की हा प्रश्न पडतो.

पाटीचा श्वास आणि गाण्याचा श्वास

जड पाटी डोक्यावर घेताना आपण काय करतो? श्वास रोखतो. त्या वेळी स्वरतंतू घट्ट मिटतात, छातीत हवा कोंडली जाते आणि धडाला बळ येतं. म्हणून तर ओझं उचलताना तोंडातून "हंम्‌" असा आवाज निघतो. ओझ्यासाठी ते बरोबर आहे. पण उंच स्वर आला की आपण नकळत तसंच करतो, जणू तो स्वरसुद्धा उचलायचा आहे. गळा आवळतो, खांदे वर जातात, आवाज चिरका होतो. पाटी उचलताना गळा बंद हवा, गाताना उघडा हवा. एवढं एक ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

श्वासासाठी एक सोपा प्रकार. रात्री अंथरुणावर पाठीवर पडा. एक हात पोटावर ठेवा. श्वास आत घेताना पोट वर यावं, सोडताना खाली जावं. छाती आणि खांदे स्वस्थ. आता दातांतून "स्‌ऽऽ" असा आवाज काढत श्वास हळूहळू सोडा आणि मनात आकडे मोजा. पहिल्या दिवशी दहापर्यंत जाल. ओढूनताणून वाढवू नका, रोज केलंत की आपोआप पंधरा, वीसपर्यंत जाईल. दोन-चार दिवसांनी हेच बसून करा.

आणि हो, परकराची नाडी! आपण ती इतकी करकचून बांधतो की पोटाला हलायला जागाच राहत नाही. भजनाला बसताना नाडी बोटभर सैल करा. मांडी घालून बसल्यावर पाठीला पोक येत असेल तर बुडाखाली चादरीची घडी घ्या. पाठ सरळ झाली की श्वासाला वाट मिळते.

रोज पंधरा मिनिटं

आता रियाज. स्वयंपाक करता करता, धुणं वाळत घालता घालता सुद्धा होईल असा सांगते.

पहिली पाच मिनिटं ओठ मिटून "म्‌ऽऽ" गुणगुणा. दात एकमेकांना टेकवू नका. ओठांना आणि नाकाच्या मुळाशी बारीक गुदगुल्या झाल्या की समजा आवाज ठीक जागी घुमतोय. मध्येच एक-दोन मोठ्या जांभया द्या. जांभई देताना घसा आतून जसा ऐसपैस उघडतो, तीच गाण्याची जागा.

पुढची पाच मिनिटं शहाळ्याच्या नळीची. पेल्यात पाणी घ्या, नळी दोन बोटं बुडवा आणि नळीतून "ऊऽऽ" म्हणा. पाण्यात बुडबुडे येतील, आवाजही येईल. सा धरा, मग हळूहळू वर जा, खाली या. पोरं हसतील, हसू द्या. नळीमुळे तोंडात हवेचा थोडा दाब तयार होतो आणि स्वरतंतू एकमेकांवर जोरात न आपटता अलगद थरथरतात. जगभर आवाजाच्या उपचारात हा व्यायाम करून घेतात. नळी नसेल तर लहान मूल मोटार चालवताना ओठ फुरफुरवतं, तसे ओठ फुरफुरवत सूर लावा.

शेवटची पाच मिनिटं आकार. तुमच्या पट्टीतला सा लावा, जबडा सैल, जीभ खाली. मग एकेक स्वर खाली खर्जाकडे जा. खर्ज आपल्याकडे जुने गवई पहाटे लावतात, पण जोर लावून नाही. जिथे आवाज खरखरेल तिथे थांबा. त्यानंतर एखादं भजन आधी नुसतं वाचा, मग त्याच मोकळेपणाने म्हणा.

हे रोज पंधरा मिनिटं. रविवारी दोन तास आणि बाकी दिवस काही नाही, असं चालणार नाही. महिना-दीड महिन्यात आवाजाला भरीवपणा येईल. गणपतीपर्यंत सगळं होणार नाही, पण विसर्जनाला आवाज जाग्यावर नक्की राहील.

माईक आणि ढोल

1911 साली एटियेन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी एक गोष्ट दाखवून दिली. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. हळदीला बँजो आणि स्पीकर चालू असताना आपण शेजारणीच्या कानात ओरडून बोलतो, ते हेच. त्या रात्री आवाज गाण्याने बसत नाही, गप्पांनी बसतो. गोंगाटात गप्पा टाळा. भजनात आपलाच आवाज आपल्याला ऐकू येईल असा एक स्पीकर आपल्याकडे वळवायला सांगा. माईक तोंडापासून चार बोटांवर धरा, त्याच्यासाठी मान वर ताणू नका. माईक आहे तर मोठं करण्याचं काम त्याला करू द्या.

काय खावं, काय टाळावं

ज्येष्ठमध, खडीसाखर, मिठाच्या गुळण्या, आल्याचा रस. यांनी घशाला बरं वाटतं, जरूर घ्या. पण आपण जे खातो-पितो ते अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंना लागत नाही. ते तिथे लागलं तर ठसका येईल. म्हणून दोन चमचे मधाने आवाज उघडेल आणि मग हवं तसं ओरडता येईल, हे डोक्यातून काढा. स्वरतंतूंना ओलावा मिळतो तो दिवसभर थोडं थोडं पाणी प्यायल्याने आणि गरम पाण्याच्या वाफेने.

सारखं खाकरू नका. खाकरताना तंतू एकमेकांवर आपटतात. त्याऐवजी एक घोट पाणी गिळा. आवाज बसला असताना कुजबुजूही नका, त्यानेही गळ्याला शीण येतो. हळू आवाजात मोजकं बोला. रात्री उशिरा तिखटजाळ जेवून लगेच आडवं होऊ नका, आम्ल वर येऊन घसा जाळतं. चुलीचा धूर जमेल तेवढा चुकवा. आणि मशेरी सोडा. ते फक्त आवाजासाठी सांगत नाही, जिवासाठी सांगते.

एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, गिळताना दुखलं, थुंकीत रक्त दिसलं किंवा मानेला गाठ लागली तर घरगुती उपाय करत बसू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. जास्त ताणाने स्वरतंतूंवर बारीक गाठी येतात. त्या बहुधा विश्रांतीने आणि आवाजाच्या व्यायामाने बऱ्या होतात. पण दुसरं काही असेल तर ते लवकर कळलेलं बरं. माझ्याही तशाच गाठी होत्या. सहा आठवडे मी गायले नाही, पाणी आणि नळी एवढंच केलं. आज तुमच्याशी बोलतेय.

काकींचं भजन

शेवटी आमच्या मंडळातल्या एका काकींबद्दल. एकेकाळी मंडळाचा वरचा सूर म्हणजे काकी. पन्नाशी उलटली, पाळी गेली, आणि आवाज उतरायला लागला. वरचे स्वर फाटायचे. कोणीतरी सहज म्हणालं, "काकी, तुम्ही आता टाळ धरा, गायला पोरी आहेत." काकी काही बोलल्या नाहीत. टाळ धरला. दोन वर्षं त्या ओठ हलवत बसायच्या, आवाज काढायच्या नाहीत. शेजारी बसून मला ते कळलं नव्हतं, याची मला अजून लाज वाटते.

पाळी गेल्यावर शरीरातले संप्रेरक बदलतात, स्वरतंतू थोडे जाड होतात आणि आवाज खाली येतो. तो जात नाही, त्याची जागा बदलते. गंगूबाई हनगळांचा आवाज आधी बारीक होता. तरुणपणी टॉन्सिलच्या उपचारानंतर तो जाड, भारदस्त झाला. त्यांनी तो लपवला नाही. त्याच आवाजात त्या पुढे अनेक दशकं गायल्या आणि अख्ख्या देशाने त्यांना ऐकलं.

हे मी काकींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "गंगूबाई कुठं आणि मी कुठं गो." पण नळी घेऊन गेल्या. दीड महिन्याने त्यांनी घरी ओट्यावर बसून मला एक अभंग म्हणून दाखवला. पांढरी चारमध्ये. भरलेला, शांत आवाज होता.

गेल्या कार्तिकी एकादशीला आमचं भजन होतं. पेटीवाल्या भाऊंनी सवयीने काळी एक धरली. काकी म्हणाल्या, "भाऊ, पांढरी चार द्या." भाऊ म्हणाले, "काकी, एवढी खाली रंगत यायची नाय." काकी म्हणाल्या, "तुम्ही द्या तर खरं." भाऊंनी दिली. काकींनी अभंग उचलला, मागे आम्ही पंधरा जणी होतो. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्यातली एकही बाई वरच्या ओळीला गप्प झाली नाही. भजन संपल्यावर भाऊंनी स्वतःच वहीत काकींच्या नावापुढे "पां. 4" असं लिहून घेतलं.

तर मैत्रिणींनो, आज संध्याकाळी दिवा लावल्यावर एक हुंकारा द्या आणि आपला स्वर शोधा. आणि गणपतीत पेटीसमोर बसलात की तो मागून घ्या. मागताना आवाज थोडा कापला तरी चालेल.